शिक्षा आरोपीला, पण घराचे काय?

फौजदारी खटल्याचे कागद ज्यांनी कधी पाहिले असतील, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. खटल्याच्या माथ्यावर दोन नावे असतात. एक आरोपीचे आणि दुसरे 'महाराष्ट्र शासन'. ज्याचे डोके फुटले, ज्यांच्या घरी दरोडा पडला, जिच्या नवऱ्याला भोसकले, त्यांचे नाव माथ्यावर कुठेही नसते. ते आतल्या पानांत, साक्षीदारांच्या यादीत सापडते. 'साक्षीदार क्रमांक एक', 'साक्षीदार क्रमांक चार' अशी त्यांची ओळख असते.

यामागे एक तत्त्व आहे आणि ते चुकीचे नाही. गुन्हा हा केवळ एका माणसाविरुद्ध नसतो, तो साऱ्या समाजाविरुद्ध असतो, म्हणून खटला समाजाच्या वतीने सरकार चालवते. याचे फायदे मोठे आहेत. गरिबाला स्वतःच्या खर्चाने वकील लावावा लागत नाही. सूड घेण्याचे काम घराण्यांकडून काढून न्यायालयाकडे गेल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे थांबतात. पण या व्यवस्थेत एक प्रश्न मागे राहून गेला. ज्याचे नुकसान झाले, त्याचे पुढे काय?

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी भाजीचा गाडा लावणारा एक माणूस आहे. रात्री घरी परतताना लुटारूंनी त्याला अडवले, मारहाण केली आणि त्यात तो दगावला. पोलीस आले, पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले, गुन्हा नोंदला गेला. सरकारी यंत्रणा आपल्या वाटेने चालू लागली. इकडे घरात वाण्याची उधारी आहे, मुलीची फी भरायची आहे, दवाखान्याचे बिल थकले आहे आणि कमावता हात गेला आहे. खटला उभा राहायला काही वर्षे लागतील. वाणी तेवढी वर्षे थांबणार नाही.

हाच माणूस एखाद्या ट्रकखाली सापडला असता तर? त्याच्या बायकोने मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा लावला असता आणि विमा कंपनीला रक्कम द्यावी लागली असती. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तरीही १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार मृत्यूबद्दल वारसांना दोन लाख रुपये देण्याची तरतूद आहे. अपघात दाव्याची माहिती आज खेड्यापाड्यातही आहे. पण गुन्ह्यात माणूस गेला तर सरकारकडे भरपाई मागता येते, हे किती जणांना ठाऊक आहे?

जुना कायदा काय म्हणत होता?

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ होते. न्यायालयाने आरोपीला दंड केला, तर त्या दंडातून पीडिताला भरपाई देता येत असे. दंड केला नसेल, तरी आरोपीने अमुक रक्कम द्यावी, असा आदेशही देता येत असे. कागदावर हे चांगले दिसते. पण त्यासाठी किती गोष्टी जुळून याव्या लागत, ते पाहा. आरोपी सापडला पाहिजे. तो दोषी ठरला पाहिजे. त्याच्याकडे पैसे असले पाहिजेत. दंडातून भरपाई द्यायची, तर अपिलाची मुदत संपली पाहिजे आणि अपील झालेच, तर त्याचा निकाल लागला पाहिजे. यातला एक दुवा तुटला की पीडिताच्या हाती काही नाही.

शिवाय न्यायालये हा अधिकार फारसा वापरत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच, हा अधिकार सढळपणे वापरा, असे खालच्या न्यायालयांना सांगितले होते. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे आणि भरपाई दिली वा नाकारली, तरी त्याची कारणे नोंदवली पाहिजेत.

सरकारने का द्यायचे?

इथे साहजिकच शंका येते. गुन्हा केला चोराने, पैसे सरकारने का द्यायचे? या शंकेला विसाव्या शतकाच्या मध्यावर एक उत्तर मिळाले. मार्जरी फ्राय या ब्रिटिश समाजसुधारक बाईंनी आयुष्यभर कैद्यांच्या हक्कांसाठी काम केले होते. उतारवयात त्यांनी गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ असा : सरकार नागरिकाला सांगते की, शस्त्र बाळगू नकोस, सूड घेऊ नकोस, तुझे रक्षण मी करीन. हे रक्षण जिथे कमी पडते, तिथे होणारे नुकसान एकट्या माणसाने का सोसावे? आजारपण, बेकारी, म्हातारपण यांचा भार जसा समाज वाटून घेतो, तसाच हाही भार वाटून घेतला पाहिजे. थोडक्यात, हा प्रश्न फक्त फौजदारी कायद्याचा नाही, तो सामाजिक सुरक्षेचाही आहे.

न्यूझीलंडने १९६३ मध्ये असा कायदा केला. जगातला तो पहिला समजला जातो. १९६४ मध्ये ब्रिटनने योजना सुरू केली. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गुन्ह्यांच्या बळींविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. पीडिताला सन्मानाने वागवावे, खटल्याची माहिती द्यावी, आरोपीकडून पुरेशी भरपाई मिळत नसेल तर सरकारने ती देण्याचा प्रयत्न करावा, अशी त्यातली सूत्रे आहेत.

आपल्याकडे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. रेल्वेने प्रवास करणाऱ्या, घरकाम करून पोट भरणाऱ्या काही महिलांवर अत्याचार झाले होते. न्यायालयाने सांगितले की, अशा महिलांना पोलीस ठाण्यापासूनच वकिलाची मदत मिळाली पाहिजे आणि भरपाईसाठी स्वतंत्र मंडळ हवे. भरपाई ठरवताना वेदनेचा आणि बुडालेल्या कमाईचाही विचार व्हावा, असे त्या निकालात होते. विधी आयोगाने १९९६ च्या १५४ व्या अहवालात भरपाई योजनेची शिफारस केली. न्यायमूर्ती मलिमथ समितीने २००३ मध्ये पीडिताला खटल्यात स्थान देण्याची आणि भरपाईचा कायदा करण्याची गरज मांडली.

संसदेने काय केले?

अखेर डिसेंबर २००८ मध्ये संसदेने फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती केली. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता. त्या अधिवेशनात दहशतवादविरोधी कायद्यांवर बोलले गेले, ते स्वाभाविकही होते. मात्र ज्या दुरुस्तीने देशाच्या कायद्यात प्रथमच पीडिताची व्याख्या आली, ती लोकसभेत गोंधळ चालू असतानाच, चर्चेविना मंजूर झाली. नंतर २००९ मध्ये देशभर वकिलांनी आंदोलन केले, ते याच कायद्यातल्या अटकेच्या कलमांवरून. भरपाईच्या कलमाबद्दल बाहेरही फारसे कोणी बोलले नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून ते कलम, म्हणजे ३५७-अ, अमलात आले.

गाजावाजा झाला नाही, तरी बदल मोठा होता. प्रत्येक राज्य सरकारने केंद्राशी समन्वय ठेवून भरपाई योजना तयार करावी आणि तिच्यासाठी निधी ठेवावा, असे बंधन आले. पीडिताला निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी काढण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भरपाई आणि आरोपीची शिक्षा यांची गाठ सुटली.

ही गाठ सुटणे म्हणजे काय, ते आजच्या कायद्याच्या आधारे समजून घेऊ. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. भरपाईचे कलम आता ३९६ आहे. त्याची रचना अशी. खटल्याच्या शेवटी आरोपीकडून मिळणारी रक्कम अपुरी आहे असे न्यायालयाला वाटले, तर ते भरपाईची शिफारस करते. आरोपी निर्दोष सुटला, तरी पीडिताचे पुनर्वसन आवश्यक असेल तर न्यायालय शिफारस करू शकते. कारण आरोपी सुटला याचा अर्थ गुन्हा घडलाच नाही, असा होत नाही. पुरावा कमी पडला असेल, पण जखम तर खरी असते.

आरोपी सापडलाच नाही, खटलाच उभा राहिला नाही, तर पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. शिफारस वा अर्ज आल्यावर प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करून रक्कम ठरवायची आहे. तातडीची गरज असेल, तर ठाणे अंमलदाराच्या दर्जाच्या किंवा वरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या अथवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर मोफत प्रथमोपचार, वैद्यकीय मदत आणि अंतरिम साहाय्य देता येते. आपल्या भाजीवाल्याच्या घराला हे कलम लागू आहे. लुटारू सापडोत वा न सापडोत.

२०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर, २०१३ मध्ये, संसदेने आणखी पावले टाकली. बलात्कार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांवर सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांनी ताबडतोब मोफत उपचार केले पाहिजेत, उपचार नाकारणे हा गुन्हा आहे, अशी तरतूद झाली. नव्या कायद्यातही ती कायम आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यात किमान तीन लाख रुपये द्यावेत आणि त्यांतले एक लाख पंधरा दिवसांच्या आत द्यावेत, असा आदेश दिला. महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ रोजी 'मनोधैर्य' योजना सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की, पैशांबरोबर समुपदेशन, निवारा, कायदेशीर मदत यांचाही तिच्यात विचार होता. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची महिलांसाठीची भरपाई योजना २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. तिच्यात बलात्काराच्या गुन्ह्यात चार ते सात लाख, सामूहिक बलात्कारात आणि मृत्यू झाल्यास पाच ते दहा लाख असे कोष्टक आहे.

राहून गेलेली चर्चा

डिसेंबर २०२३ मध्ये तीन नवे फौजदारी कायदे संसदेत आले. इंग्रजी अमलातले कायदे शिक्षेसाठी होते, नवे कायदे न्यायासाठी आहेत, अशी सरकारची भूमिका गृहमंत्र्यांनी मांडली. लोकसभेने २० डिसेंबरला आणि राज्यसभेने २१ डिसेंबरला ती विधेयके मंजूर केली. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. निलंबन योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. विरोधी बाकांवरचे बहुतेक आवाज त्या चर्चेत नव्हते, एवढी वस्तुस्थिती आहे.

नव्या संहितेत पीडितासाठी काही चांगल्या गोष्टी निश्चित आहेत. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे आहे. प्रथम खबर अहवालाची प्रत पीडिताला मोफत मिळते. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त झाली, तर न्यायालयाच्या आदेशानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी तिचे उत्पन्न साठ दिवसांत नुकसान झालेल्यांना वाटायचे आहे. प्रत्येक राज्याने साक्षीदार संरक्षण योजना करायची आहे. मात्र भरपाईचे मूळ कलम जवळजवळ जसेच्या तसे पुढे आले. किती रक्कम द्यायची, याचा देशभरासाठी किमान आकडा कायद्यात नाही. प्रत्येक राज्याची योजना वेगळी. सिंधुदुर्गातल्या माणसाला एक कोष्टक आणि पलीकडे गोव्यातल्या माणसाला दुसरे.

खरी चर्चा व्हायला हवी होती, ती या मुद्द्यावर. भरपाई म्हणजे एकदाच दिलेली रक्कम, की घर पुन्हा उभे राहीपर्यंतचा आधार? याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याच कायद्यात ते आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे २०१६ चे सुधारित नियम पाहावेत. खुनाच्या गुन्ह्यात सव्वाआठ लाखांची मदत असून तिचा अर्धा भाग शवविच्छेदनानंतर आणि उरलेला अर्धा दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यायचा आहे. निकालाची वाट पाहायची नाही. त्याशिवाय विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा पाच हजार रुपये मूळ निवृत्तिवेतन व त्यावर महागाई भत्ता, कुटुंबातील एकाला नोकरी, मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च आणि तीन महिने पुरेल एवढे धान्य, डाळी, भांडी यांची तरतूद आहे. घरात चूल पेटली पाहिजे, याचा विचार ज्यांनी नियम लिहिताना केला, त्यांना गुन्ह्यानंतरचे घर म्हणजे काय, ते कळले होते असे म्हटले पाहिजे. या नियमांची अंमलबजावणी सगळीकडे तत्परतेने होते असे नाही, पण मागण्यासाठी हक्क तरी लिहिलेला आहे.

हे नियम एका विशिष्ट, शतकानुशतकांच्या अन्यायासाठी आहेत आणि ते तसेच असले पाहिजेत. पण पगार, शिक्षण, धान्य यांचा विचार करण्याची ही पद्धत इतर गुन्ह्यांतील निराधार कुटुंबांनाही का लागू होऊ नये? आज अशा घरातली विधवा फार तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेकडे वळते. २०२३ मध्ये त्या योजनेची मदत दरमहा १५०० रुपये झाली. पण तिथे ती निराधार म्हणून अर्ज करते, गुन्ह्याची पीडित म्हणून नाही. एका कार्यालयात गुन्ह्याचे कागद, दुसऱ्या कार्यालयात उत्पन्नाचा दाखला. दोन्ही दारे तिने स्वतः शोधायची असतात.

आक्षेप आणि उत्तर

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला पैशांचा. राज्यांच्या तिजोरीवर भार पडेल, हे खरे आहे. केंद्राने २०१५ मध्ये राज्यांच्या मदतीसाठी दोनशे कोटी रुपयांचा निधी उभारला, पण देशाचा आकार पाहता तो एकदा दिलेला हातभार होता. दुसरा आक्षेप असा की, पैशांसाठी खोट्या फिर्यादी होतील. ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. म्हणूनच प्राधिकरणाने चौकशी करायची आहे आणि रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवण्याचीही पद्धत आहे. २०१८ च्या योजनेत ७५ टक्के रक्कम ठेवीत आणि २५ टक्के तत्काळ वापरासाठी, असे प्रमाण आहे. पण खोटे अर्ज येतील म्हणून खऱ्यांना दार बंद करायचे नसते. खोटे दावे अपघातातही होतात, म्हणून कोणी अपघात न्यायाधिकरणे बंद करा म्हणत नाही.

या आक्षेपांपलीकडे आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. आपल्याकडे साक्षीदार फितूर होतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दहशत हे त्याचे एक कारण आहेच. पण दुसरे कारण उपासमार हे आहे. कमावता माणूस गेलेल्या घरात सहा महिन्यांनी आरोपीच्या बाजूचा एखादा मध्यस्थ येतो. 'झाले ते झाले, मुलांकडे बघा,' म्हणतो आणि पैशांची थैली पुढे करतो. त्या बाईकडे दुसरा आधार नसेल, तर ती साक्षीच्या पिंजऱ्यात 'मला नीट दिसले नाही' असे सांगते. आपण तिला दोष देतो. पण सरकारची मदत त्या मध्यस्थाच्या आधी तिच्या दारात पोचली असती, तर तिने काय सांगितले असते? पीडिताला आधार देणे ही शिक्षेनंतर करायची दयेची गोष्ट नाही. खटला टिकायचा असेल, तर तो आधार आधी हवा.

म्हणून दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली व्यवहाराची. आपल्या ओळखीत, शेजारात असे घर असेल, तर त्यांना जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी मार्गदर्शन मिळते. प्रथम खबर अहवालाची प्रत, वैद्यकीय कागद किंवा मृत्यूचा दाखला, अवलंबितांची माहिती आणि बँक खात्याचा तपशील जवळ ठेवा. अर्जाला मुदत असते. महिलांसाठीच्या योजनेत ती साधारणपणे तीन वर्षांची आहे, तरी उशीर करू नये. निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नाही, अंतरिम मदत आधीच मागता येते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकीलही मिळतो.

दुसरी गोष्ट आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायची आहे. गुन्हा गाजला की फाशीची मागणी सभागृहात घुमते. त्याच वेळी एखाद्या सदस्याने उठून विचारावे की, गेल्या वर्षी माझ्या जिल्ह्यात भरपाईचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती दिवसांत पैसे मिळाले? हा प्रश्न आमदारांना विधानसभेत विचारता येतो आणि खासदारांना संसदेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मतदार म्हणून आपण तो त्यांच्याकडे पोचवला, तर माथ्यावर नाव नसलेल्या त्या माणसाची आठवण निदान सभागृहाच्या कामकाजात तरी नोंदली जाईल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)